निरोपाच्या दिवसांतली भरीत पार्टी : बामणोद परिसरातील एका केंद्राविषयी

जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांचे उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या सत्राला निघालेल्या खान्देशातील विद्यार्थ्याच्या वाट्याला निरोपाचे म्हणून जे दिवस येतात, ते नेमके जानेवारी-फेब्रुवारीचे, म्हणजे भरिताच्या ऐन हंगामातले असतात. माझ्या हाती व्हिसा पडल्यापासून महाविद्यालयातील मित्रमंडळींनी माझ्या निमित्ताने जे भटकणे आरंभले, त्यात अजिंठा झाले, पाटणादेवी झाली, मेहरूण तलावाकाठची संध्याकाळची चक्कर तर नित्याचीच होती. परंतु पुन्हा पुन्हा जाणे झाले ते एकाच ठिकाणी. भुसावळहून तापी ओलांडून यावल तालुक्यात शिरल्यावर, बामणोदच्या परिसरात, केळीच्या बागेला लागून हे भरीत केंद्र आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत. शिवाय त्या भागात अशी केंद्रे हंगामात बरीच उभी राहतात आणि येथे लिहिलेले पुष्कळसे त्यांनाही लागू पडेल.

भरिताचा दर्जा ठरतो तो वांग्यावर, आणि या बाबतीत केंद्राला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. बामणोद आणि आसोदा या दोन गावांची नावे भरिताच्या वांग्याशी जोडली गेली आहेत ती उगाच नव्हे. फिकट हिरव्या रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे असलेले, अर्ध्या किलोच्या आसपास भरणारे हे वांगे आतून लोण्यासारखे मऊ असते व त्यात बी फारच कमी असते. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने त्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. चातुर्मासात अनेक घरांतून वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीच्या नैवेद्याने ते पुन्हा ताटात येते. त्यानंतरचे दोन-अडीच महिने या केंद्राचे खरे दिवस. फेब्रुवारीच्या अखेरीस वांग्यात बी धरू लागते व चवीला किंचित तुरटपणा येतो, तेव्हा जाणाऱ्याने शक्यतो त्याआधी जावे. येथे वांगी आधी टोपलीत आणून दाखवतात व त्यांतून निवडू देतात, ही पद्धत मला विशेष आवडली. देठ हिरवा आणि काटेरी असलेले, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके लागणारे वांगे उचलावे, एवढे माहीत असले तरी पुरते.

भाजणे मोकळ्या जागेत, गिऱ्हाइकांसमोर होते. वांग्यांना टोचे मारून ती जमिनीवर ओळीने मांडतात आणि वर-खाली कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या रचून पेटवून देतात. पऱ्हाटीचा जाळ क्षणात भडकतो व लवकर बसतो, त्यामुळे वांग्याची साल करपते, पण आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो. गॅसच्या शेगडीवर ही गोष्ट कितीही केले तरी साधत नाही. जाळ बसल्यावर वांगी राखेतून काढून थोडा वेळ झाकून ठेवतात. मग दोन मावश्या शेजारी पाण्याचे भांडे घेऊन, बोटे बुडवत, ती सोलायला बसतात. साल निघते ती सलग, देठापासून शेंड्यापर्यंत, आणि गरावर काळे ठिपके राहिले तर ते पुसून काढण्याचा फाजील स्वच्छपणा येथे कोणी करत नाही. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी लाकडी भांड्यात ठेचून घेतात, त्यावर गर टाकतात आणि लाकडी मुसळीने पुन्हा ठेचतात. मुसळी मागितली तर देतात, आणि आमच्या गटातील मुलांनी ती मागितलीही. दहा मिनिटांत सर्वांचे दंड भरून आले आणि मावशींनी हसत ती परत घेतली. ठेचलेल्या भरिताची खूण अशी की चमचा वर उचलला असता त्यातून तंतू लोंबतात. मिक्सरमधून काढलेल्या भरिताचा नुसता लगदा होतो व त्याला पाणी सुटते.

फोडणीविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, जिरे, कांद्याची पात आणि वरून कोथिंबीर, हे सारे यथास्थित असते आणि हळद घालत नाहीत हेही योग्यच, कारण तिने वांग्याचा मूळ फिकट हिरवा रंग जातो. तथापि तेलाचा हात फारच सैल आहे. केळीच्या पानावर भरीत वाढले की कडेने तेलाची धार वाहू लागते. कमी तेल घालण्याची विनंती केली असता, “पोरी, तेलाशिवाय भरताले चव येत नाही,” असे उत्तर मिळाले आणि विषय तेथेच संपला. तरीही आपल्या गटापुरते वेगळे भरीत करून घेणार असाल, तर फोडणीच्या आधी उभे राहून सांगावे, ऐकतात.

भरितासोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी यांतील निवड असते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या पिठाची पुरी कढईतून थेट पानात पडली तर तिच्यासारखी दुसरी जोड नाही. ती पाच-सात मिनिटे पडून राहिली की चिवट होते. येथे मोठ्या गटाला पुऱ्या एकदम तळून परातीत आणून ठेवतात, त्यामुळे पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्याच्या नशिबी थंड पुरी येते. अशा वेळी दादरची, म्हणजे दादर जातीच्या ज्वारीची, भाकरी सांगणे शहाणपणाचे, कारण ती एकेक करून चुलीवरून येते. शेवभाजी झणझणीत आहे, पण तशी ती जळगावात कोणत्याही चांगल्या खाणावळीत मिळते. ताक पातळ आहे. गोडाचा एकही पदार्थ नाही आणि त्याची उणीव भासली नाही.

आता मुख्य तक्रार. वरचे सर्व कौतुक दुपारच्या भरिताचे आहे. रात्री आठनंतर पऱ्हाट्या पेटवणे बंद होते आणि मग दुपारचेच भरीत कढईत परतून, ताजी पात भुरभुरून पुढे येते. धुराचा वास गेलेला असतो, शेंगदाणे मऊ पडलेले असतात, दर मात्र तोच. आम्ही विचारणा केली तेव्हा “आताच केले आहे, ताई” असे सांगण्यात आले. समोरची राख गार होती. दर कमी केला नाही तरी चालेल, पण गिऱ्हाइकाला खरे सांगायला हवे. महाविद्यालयीन मंडळींचा कल साहजिकच रात्रीच्या पार्टीकडे असतो, आणि जे आठवडाभरात दूर देशी निघणार, त्यांना पुढच्या खेपेला पाहू असे म्हणून भागत नाही. म्हणून आग्रहाने लिहिते की सकाळी अकराच्या सुमारास पोहोचावे, जाळ समोर पेटवून घ्यावा आणि दोनपर्यंत जेवण उरकावे. उत्तरेला सातपुड्याची रांग त्या वेळी स्वच्छ दिसते, आणि बागेत केळीच्या घडांखाली सावलीही असते.

गटाने जाण्याच्या सोयी-गैरसोयी थोडक्यात सांगते. दहाहून अधिक जण असल्यास आदल्या दिवशी फोन करून वांगी राखून ठेवायला सांगावे लागते. न सांगता गेल्यास, विशेषतः रविवारी, तास-दीड तास थांबण्याची तयारी हवी. पैसे माणशी न घेता भरिताच्या वजनावर आणि पुऱ्यांच्या नगावर घेतात. ही पद्धत विद्यार्थ्यांच्या खिशाला सोयीची आहे, कारण वर्गणी काढताना कमी खाणाऱ्यावर अन्याय होत नाही, निदान तसा वाद घालायला जागा तरी राहते. मोबाइलवरून पैसे देता येतात, मात्र बागेच्या आतल्या बाजूला नेटवर्क जाते, तेव्हा थोडी रोख जवळ असावी. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, पण त्याची कडी नीट लागत नाही आणि पाण्याची बादली बाहेरून भरून न्यावी लागते. एवढी वर्दळ असलेल्या ठिकाणी ही गोष्ट अक्षम्य आहे. रात्री परतताना एसटीचा भरवसा धरता येत नाही आणि रस्त्यावर केळीचे ट्रक व मागचे दिवे नसलेले ट्रॅक्टर असतात, त्यामुळे दुचाकीवरून जाणाऱ्यांनी दुपारची वेळ निवडावी याचे हे दुसरे कारण.

केंद्राच्या दाराशी एक छोटा विक्रीकट्टा आहे आणि परदेशी निघणाऱ्यांना खरा उपयोग त्याचाच होतो. कळण्याचे पीठ, ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, काळा मसाला आणि केळीचे वेफर्स मिळतात. कट्ट्यावरच्या दादांनी मला ‘विमानात चालेल’ असे सांगून डब्यात बंद केलेले भरीत आणि कच्ची वांगी दोन्ही देऊ केली. भरीत एक दिवसही धड टिकत नाही. आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार प्रवाशाला सामानातून मांस व दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तर ताज्या भाज्या-फळांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. त्यातून सूट आहे ती केवळ अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी या पाच फळांना. म्हणजे बामणोदचे वांगे सीमेवर अडणार आणि रावेर-यावलचे केळे बिनदिक्कत आत जाणार, हा न्याय आमच्या गटातील केळीबागाईतदारांच्या मुलांना फारच पसंत पडला. प्रत्यक्षात पिकलेली केळी बॅगेत चेंगरतात, तेव्हा मी वेफर्स घेतले. साधे, मिठाचे वेफर्स उत्तम आहेत. मसाल्याच्या वेफर्सना तेलाचा जुनाट वास येत होता, ते घेऊ नयेत. कळण्याच्या पिठाच्या पिशवीवर दळल्याची तारीख नसते, म्हणून ती विचारून घ्यावी आणि पीठ सीलबंद पिशवीतच मागावे. सुटे पीठ प्रवासात सांडते आणि तपासणीच्या वेळी त्याचे स्पष्टीकरण देत बसावे लागते.