बारा वर्षं जुना लॅपटॉप, म्हापशातलं दुकान आणि माझी श्रीलिपी

लॅपटॉप लेनोवोचा, 2014 साली घेतलेला, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, चार जीबी रॅम. बटण दाबायचं, चहा ठेवायचा, पिऊन कप धुवून यायचं, तोवर कुठे डेस्कटॉप दिसायला लागायचा. नवीन का घेत नाही म्हणून सगळे विचारतात. अहो, श्रीलिपीचं, म्हणजे माझ्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं काय करू? जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, देवळाची पावती पुस्तकं, चवथीच्या आरत्या, सगळं त्यात टाईप केलेलं, सीडीवर केव्हाच चरे पडलेत, डोंगल (ते चालवायला मशीनला लावावी लागते ती किल्ली) तेवढा शिल्लक आहे, नव्या मशीनवर ते परत बसलं नाही तर बोंबला.

पणजीत एका ठिकाणी नेला तर उघडूनसुद्धा न बघता म्हणे मदरबोर्ड जुना झालाय, नवीनच घ्या. मग मी स्वतः शहाणपणा केला, ऑनलाईन रॅम मागवली आणि बसवली तर मशीन चालूच होईना. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-थ्री-एल वेगळी असते हे मला काय माहीत, पहिली 1.5 व्होल्टची, आणि या प्रोसेसरला 1.35 वाली एल लागते. परत करायची मुदतही गेली होती.

शेवटी म्हापशात बाजाराजवळ एक छोटंसं दुकान आहे तिथे गेलो. (नाव मुद्दाम लिहीत नाही, तो एकटाच बसतो आणि त्यानेच नको म्हणून सांगितलंय.) त्याने टास्क मॅनेजर (मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला, डिस्क सतत 100 टक्के कामात, आणि म्हणाला, "तुमचें मशीन बरें आसा, डिस्क तेवडी गेल्या." दोन मिनिटांत निकाल! 480 जीबीची साटा एसएसडी सुचवली, म्हणजे जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी, आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, अडीच इंची. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी जास्त फास्ट ना, असं मी उगाच विचारलं, तर म्हणे तुमच्यात त्याला जागाच नाही, आणि साटावरसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास स्पीड मिळतो, जुनी डिस्क शंभरच्या पुढे जात नव्हती.

खरी कमाल क्लोनिंगची, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायची. जुनी डिस्क 500 ची, नवी त्याहून लहान, म्हणून आधी पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आकसून घेतलं, त्यात बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा, रात्रभर चाललं होतं म्हणे. पण दुसऱ्या दिवशी श्रीलिपी जिथल्या तिथे, डोंगल लावला आणि 2016 चं हँडबिल उघडलं, अगदी काना-मात्रेसकट!!

रॅम आठ जीबी केली, बरोबर एलवाली. पंखा उघडला तर आत धूळ ओलसर होऊन गोळा झालेली. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पंख्याची काय कथा. प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी थर्मल पेस्ट नवीन लावली, आता मांडी भाजत नाही. मशीन पंचवीस सेकंदात चालू होतं. सगळं मिळून साडेसहा हजार.

विंडोज 11 मात्र बसत नाही, त्याला साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर हवा, आणि 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. जुगाड करून 11 घालून द्या म्हटलं तर सरळ नाही म्हणाला, त्यापेक्षा विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. आता इंटरनेट, बँक, मेल मिंटवर आणि विंडोज फक्त श्रीलिपीपुरतं, नेट बंद करून. मिंटवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी मस्त टाईप होतं, फक्त जुन्या श्रीलिपीच्या फायली तिथे उघडल्या तर निव्वळ गिचमिड दिसते.

नाराजी एकच, बॅटरी. कंपनीची मिळत नाही म्हणून दुसऱ्या मेकची घातली (तिचे पैसे वेगळे), ती तासभरात मान टाकते. त्याने आधीच सांगितलं होतं घेऊ नका, प्लगवरच वापरा, मीच हट्टाला पेटलो.

दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, आणि शुक्रवारी बाजाराच्या दिवशी जाऊच नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. जाताना चार्जर बरोबर न्या, मी विसरलो आणि घरी डिचोलीला परत हेलपाटा पडला.