दिरी कोले की दिरी जोनजोन?

कॅरिबियनमधल्या हैतीचा भात घरी शिकायचा तर आधी दिरी कोले, म्हणजे राजमा-भात. राजमा शिजवला की त्याचं पाणी फेकायचं नाही. त्यातच तांदूळ शिजतो आणि तांबूस होतो. कांद्याची पात, लसूण, पार्सली, थाईम नि मिरचीचं वाटण, म्हणजे 'एपिस', तेलात खमंग परतलं की निम्मं काम झालं. वर जहाल तिखट स्कॉच बॉनेट मिरची अख्खी ठेवायची, फुटू द्यायची नाही. माझी एकदा फुटली. सगळ्यांनी दही कालवून खाल्लं!

दिरी जोनजोन, म्हणजे काळ्या अळंबीचा भात, सणासमारंभाचा. उत्तर हैतीतली वाळलेली काळी अळंबी गरम पाण्यात भिजवून गाळायची. त्या शाईसारख्या पाण्यात भात काळाभोर होतो. चव जास्त खोल, कबूल. पण आपल्याकडे ती अळंबी मिळायची मारामार, आणि बटण मशरूमला तो रंग येत नाही.