फोरेचं रिक्वायम: १८९३ चं की १९०० चं?

फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरेचं रिक्वायम, म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनांची संगीतरचना, ऐकायचं म्हटलं की पहिला पेच पडतो तो रूपाचा. १८८८ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ते पाचच भागांचं होतं. ‘ऑफर्तोरियम’ आणि ‘लिबेरा मे’ जोडून १८९३ पर्यंत सात भाग झाले आणि १९०० मध्ये तेच सात भाग मोठ्या वाद्यवृंदासह आले. चाली त्याच, शब्द तेच, वेळही दोन्हींना साधारण ३५ मिनिटं. रंग मात्र बदलतो.

१८९३ च्या रूपात व्हायोलिनचा ताफाच नाही. दोन गटांत विभागलेले व्हायोला आणि चेलो, खाली डबल बास, जोडीला ऑर्गन आणि हार्प. हॉर्न, ट्रम्पेट मोजक्याच जागी. एकटं व्हायोलिन येतं ते ‘सांक्तुस’मध्ये, गायकवृंदाच्या वरून तरंगत. १९०० मध्ये तीच ओळ सगळे व्हायोलिनवादक मिळून वाजवतात. ती गुळगुळीत होते, पण तिचा एकटेपणा जातो. क्लॅरिनेट मात्र घेतले आहेत ते फक्त ‘पिए येसू’पुरते, याची गंमत वाटते.

मोठ्या रूपाची बाजू कमकुवत आहे असं नाही. ‘लिबेरा मे’ घ्या. चेलो-बासच्या बोटांनी छेडलेल्या ठेक्यावर बॅरिटोन गातो, मग ‘दिएस इल्ला’ला (‘तो दिवस’, म्हणजे न्यायदिन) हॉर्न उसळतात. फोरेनं न्यायदिनाचं भय जवळपास वगळलंय. जे थोडं ठेवलंय ते इथे, आणि ते शंभर गळ्यांनी गायलेलं जास्त अंगावर येतं. वाद्यवृंद-संचालक आंद्रे क्लुइटेन्सचं १९६२ चं ध्वनिमुद्रण, त्यात बॅरिटोन फिशर-डीस्काऊ आणि सोप्रानो व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस, आजही मोठ्या रूपाची बाजू भक्कमपणे मांडतं.

पण घरी ऐकताना मला खटकतो तो आवाजाचा चढउतार. पहिलाच स्वर, डी, वाद्यवृंद जोरात वाजवतो. तो ओसरतो आणि गायकवृंद ‘रेक्वियेम एतेर्नाम’ अगदी दबक्या आवाजात म्हणतो. पंखा चालू असेल तर शब्द कळत नाहीत, म्हणून आवाज वाढवावा, तर थोड्याच वेळात ‘एत लुक्स पेर्पेतुआ’ कानावर आदळतं. दोन्ही रूपांत आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा जवळपास सारख्याच आहेत. पण वादक-गायक जितके जास्त, तितकी दोन टोकांतली दरी रुंद. शांत संगीत ऐकायचं आणि हात सतत बटणावर!

याचा खरा फटका बसतो ‘आग्नुस देई’त. मध्यावर सगळं थांबतं आणि फक्त सोप्रानो (सर्वांत उंच आवाज) ‘लुक्स’ (प्रकाश) या शब्दावर सी स्वर धरून राहतात. तो स्वर हलत नाही. त्याच्याखालची स्वरसंगती मात्र ए-फ्लॅट मेजरमध्ये सरकते, आणि तोच सी एकदम वेगळा उजळतो. सबंध रचनेतली ही सर्वांत नाजूक जागा. ती नीट ऐकू यावी म्हणून आवाज वाढवलेला असतो, तेवढ्यात सुरुवातीचा तो जोरकस डी परत येतो. छोट्या रूपात दोन्ही एकाच आवाजपातळीवर निभावतं, निदान माझ्या कानाला तरी.

मोठ्या सभागृहात प्रत्यक्ष ऐकणार असाल, तर माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवा. तिथे १९०० लाही पुरेशी हवा मिळते. गाणार असाल, तर गळे मोजा. तीसेक गळ्यांच्या गटाला १८९३ सोयीचं. व्हायोलिन एकच लागतं. मात्र ऑर्गन चांगला हवा, कारण ‘इन पारादिसुम’ (‘स्वर्गात’) या शेवटच्या भागात जवळपास सगळी हालचाल त्याच्याच हातात आहे. तो खरखरीत वाजला की स्वर्ग तिथेच संपला. स्वरलिपीही सगळ्यांनी एकाच संपादनाची घ्यावी. जॉन रटरची आणि नेक्तू-देलाजची, अशा १८९३ च्याच दोन आहेत; पानं जुळत नाहीत.

दोन्ही रूपं शेजारी ठेवून ऐकायला संचालक फिलिप हेरेवेगे सोयीचा: १९८८ मध्ये त्यानं छोटं रूप ध्वनिमुद्रित केलं, २००१ मध्ये मोठं. दोन्हींतलं ‘आग्नुस देई’ आवाज न हलवता लावून पाहा. ‘पिए येसू’ला मुलगा गातोय की बाई, यावरून रूप ओळखायला जाऊ नका, संचालक डेव्हिड विलकॉक्सच्या, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदासोबतच्या ध्वनिमुद्रणात मुलगा आहे, पण रूप १९०० चंच. वर्ष लिहिलेलं नसेल तर सरळ ‘सांक्तुस’ लावा. व्हायोलिन एकटं असेल तर बहुधा १८९३.