जुन्या प्यूजोवर नवे केबल स्टॉप : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेले सुटतील. जुन्या स्टीलच्या सायकल फ्रेमवर बाहेरून आवळायचे केबल स्टॉप (गिअरच्या वायरवरचं आवरण जिथे टेकतं ते अडसर) बसतात आणि नागपूरचा मे महिना नि त्यामागून येणारा पावसाळा दोन्ही काढतात. त्यासाठी फ्रेमला ड्रिल किंवा वेल्डिंग लावावं लागत नाही. लागते ती एक बारीक गोल कानस, थंड पेयाचा रिकामा कॅन आणि सवडीची एखादी रविवार दुपार. पुढच्या ब्रेकच्या हँगरबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. ते खाली येईलच.

सायकल आहे प्यूजो यूओ-८, सत्तरच्या दशकातली. मोठे काका नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये होते तेव्हा त्यांनी घेतली आणि परत येताना सोबत आणली. पुढे ती धरमपेठेतल्या घराच्या जिन्याखाली कित्येक वर्षं पडून होती. पुढे २ चक्के, मागे ५, म्हणजे त्या काळच्या भाषेत दहा गिअरची. गिअरचे लिव्हर डाउन ट्यूबवर, म्हणजे हँडलखालून पेडलच्या धुरीकडे उतरणाऱ्या नळीवर. गिअर बदलायचा तर एक हात हँडल सोडून गुडघ्यापाशी न्यायचा. काटोल रोडला पहाटे याची मजा येते. संध्याकाळी शंकरनगर चौकात, डावीकडून ई-रिक्षा आणि समोरून उलट्या दिशेने आलेली ॲक्टिव्हा असताना येत नाही. म्हणून सरळ हँडल घातलं आणि अंगठ्याने चालणारे फ्रिक्शन लिव्हर (ठरलेले टप्पे नसलेले, सोडाल तिथे थांबणारे) हँडलवर घेतले.

लिव्हर वर गेले की केबल स्टॉपचा प्रश्न उभा राहतो. मूळ रचनेत वायर लिव्हरमधून निघून उघडीच खाली जाते. आउटर, म्हणजे वायरवरचं आवरण, लागतो तो फक्त मागच्या डिरेलरपाशी (चेन एका चक्क्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग). लिव्हर हँडलवर गेला की हँडलपासून डाउन ट्यूबपर्यंत आउटर घालावा लागतो आणि तो जिथे संपतो तिथे त्याला अडवणारी पक्की जागा हवी. वायर जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढ्याच जोराने आउटर त्या जागेला खाली ढकलतो. ती जागा केसभर हलली तरी गिअर जागचा हलतो. नंतरच्या स्टीलच्या फ्रेमवर हे स्टॉप कारखान्यातच ब्रेझ करून (पितळेसारख्या धातूने जोडून) येतात. माझ्या फ्रेमवर लिव्हरसुद्धा पट्ट्याने आवळलेले होते, त्यामुळे नवा स्टॉपही पट्ट्यानेच बसवणं भाग होतं. तुमच्या फ्रेमच्या डाउन ट्यूबवर लिव्हरसाठी बॉस (फ्रेमलाच जोडलेले, आटे असलेले खुंट) असतील तर मात्र या खटाटोपात पडू नका. बॉसवर बसणारे तयार स्टॉप मिळतात, ५ मिमीचा स्क्रू पिळला की काम झालं.

खरी गंमत मापांची आहे. बाजारात मिळणारे डाउन ट्यूबचे क्लॅम्प, म्हणजे आवळायचे पट्टे, बहुतेक २८.६ मिमीचे, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचे असतात. इंग्रजी आणि जपानी जुन्या फ्रेमना ते निमूट बसतात. फ्रेंच मंडळींचा कारभार त्या काळी मेट्रिक होता: डाउन ट्यूब २८, टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) २६ मिमी. म्हणजे तोच क्लॅम्प खाली ढिला आणि वरच्या नळीसाठी मिळणारा २५.४ चा क्लॅम्प वर घट्ट. ऑर्डर करण्याआधी व्हर्नियर लावा, आणि लावाल तेव्हा रंगाचा थरही मापात धरला जातो हे ध्यानात ठेवा.

२८ च्या नळीवर २८.६ चा क्लॅम्प, म्हणजे चारी बाजूंनी ०.३ मिमीची पोकळी. नुसता बोल्ट पिळून ती बुजेल असं वाटतं, पण तसं केलं की क्लॅम्पचा गोल बिघडतो, तो दोनतीन ठिकाणीच टेकतो आणि तिथेच रंग खातो. आमच्या चौकातल्या सायकलवाल्याचा सल्ला ठरलेला होता. "भाऊ, ट्यूबचा तुकडा गुंडाळून टाका न खालून. काहून येवढं डोकं लावून रायले?" घंटीला, दिव्याला, पंपाच्या क्लिपला ट्यूबचा तुकडा उत्तम, मीही तोच लावतो. केबल स्टॉपवर मात्र सतत एकाच दिशेने जोर असतो. रबर त्या जोराखाली दबतं आणि सरकतं, आणि आपल्याकडच्या उन्हात तर ते आणखी मऊ पडतं. इथे न दबणारं काहीतरी हवं.

थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. तीन थर दिले की बरोबर ०.३. नळीचा घेर ८८ मिमीच्या आसपास, म्हणून तेवढ्याच पण थोड्या आखूड अशा तीन पट्ट्या कापल्या आणि तिन्हींचे जोड क्लॅम्पच्या फटीखाली आणले, म्हणजे आवळताना पट्ट्यांनाही मिटायला जागा राहते. कडा पॉलिश पेपरने मारून घ्या, नाहीतर बोट कापेल आणि रंगही. कॅनच्या पत्र्याला आतून लाखेसारखा लेप असतो. तो घासून काढू नका. ॲल्युमिनियम आणि स्टील ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की गंजाला निमंत्रण मिळतं, तो लेप दोघांमध्ये राहतो.

डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला फ्रेमवर एक बारीक गोळी ब्रेझ केलेली आहे. मूळ लिव्हरचा पट्टा खाली घसरू नये म्हणून कारखान्याने दिलेली. नव्या क्लॅम्पला ती आडवी येत होती. गोळी कानसून टाकण्याचा मोह कुणालाही होईल आणि इंटरनेटवर तसं करणारेही दिसतील. मी उलट केलं: क्लॅम्पच्या खालच्या कडेला गोल कानशीने गोळीच्या मापाची अर्धगोल खाच पाडली. आता क्लॅम्प त्या गोळीवर टेकून बसतो. जोर ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ही आडकाठी आहे, त्यामुळे बोल्टवर सगळा भार राहत नाही आणि तो बेताचा आवळला तरी पुरतो. सगळ्या कामात मला हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडली. क्लॅम्प पुन्हा विकत मिळतो, पन्नास वर्षांपूर्वीची फ्रेम मिळत नाही. म्हणून कानस नेहमी विकतच्या वस्तूवर चालवायची.

माझी फ्रेम साध्या जाड नळीची आहे म्हणून आवळण्याची फार धास्ती नव्हती. तुमच्याकडे रेनॉल्ड्स ५३१ सारखी बटेड नळी असेल तर सांभाळा. तिची भिंत मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षा बरीच पातळ असते. जोर करून आवळलं तर नळीला पोचा पडतो आणि तो काढता येत नाही.

चेनस्टेवरचा (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवरचा) मूळ स्टॉप फ्रेमलाच आहे, पण त्याचं भोक जुन्या हिशेबाचं. त्या काळी ५ मिमीचा आउटर टोपी न घालता सरळ आत बसवत. आता गिअरसाठी ४ मिमीचा आउटर घालायचा, त्याच्या टोकाला टोपी हवीच, कारण या आउटरच्या तारा लांबीने सरळ जातात आणि टोपी नसेल तर त्या टोकातून बाहेर डोकावतात. प्लास्टिकची टोपी भोकात शिरेना. धातूची अगदी थोडक्यासाठी अडकत होती. इथेही स्टॉपचं भोक वाढवायचं नाही. ॲल्युमिनियमची टोपी आउटरच्या एका तुकड्यावर घट्ट बसवली, तो तुकडा ड्रिलच्या चकमध्ये धरला आणि फिरवताना पॉलिश पेपर लावला. बघता बघता मापात आली. टोप्या स्वस्त असतात, चारपाच जास्त घेऊन ठेवा.

एक ताकीद इथेच. गिअरचा हा ४ मिमीवाला आउटर ब्रेकला कधीही लावू नका. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती ब्रेकचा जोर सहन करते. सरळ तारांचा आउटर जोरात ब्रेक मारला की फुटू शकतो. दुकानात दोन्ही काळेच आणि शेजारी शेजारी टांगलेले असतात. कापलेल्या टोकात डोकावून बघितलं की फरक लगेच कळतो.

मागच्या ब्रेकसाठी टॉप ट्यूबवर स्टॉप बसवून मधली वायर उघडी ठेवायची टूम आहे. वजन किंचित कमी होतं, लिव्हर जरा हलका लागतो. मी त्या वाटेला गेलो नाही. मुळात २५.४ चा क्लॅम्प २६ च्या नळीवर बसवायचा तर तो आतून घासून मोठा करावा लागतो. शिवाय तीन क्लिपांत धरलेला अखंड आउटर पावसाला आत येऊ देत नाही. मूळ क्लिपा पॉलिश करून परत लावल्या, विषय संपला.

आता तक्रारीचा भाग. यूओ-८ ला माफाक या फ्रेंच कंपनीचे सेंटरपुल ब्रेक (वायर मधोमध वर ओढते असे) असतात. त्यांना आउटर अडवायला पुढे हेडसेटपाशी (हँडलखालच्या बेअरिंगपाशी) आणि मागे सीटच्या बोल्टपाशी हँगर लागतो. मागचा मूळचा शाबूत होता. पुढचा हरवलेला, म्हणून नवा घेतला, पत्र्याचा, घडी घातलेला. त्याच्या भोकात एक छोटी जीभ असते, ती फोर्कच्या नळीवरच्या खाचेत बसावी म्हणून. माझ्या फ्रेंच फोर्कवर खाच नाही, मागच्या बाजूला सपाट पट्टा आहे. जीभ कानसून काढली. भोक २५.४ चं आणि नळी २५ ची, त्यामुळे किंचित सैल, पण वरचा नट आवळला की तो हलत नाही. हँगरची जाडी भरून काढायला तेवढ्याच जाडीचा एक वॉशर काढावा लागतो, नाहीतर वरच्या नटाला धरायला आटे उरत नाहीत. हे सगळं जमलं. अडचण अशी की हँगर स्वतःच लवचिक आहे. ब्रेक दाबला की तो वाकताना डोळ्यांना दिसतो आणि लिव्हर गादीसारखा लागतो. सायकल थांबते, पण ज्या माफाकची एवढी ख्याती त्यांची ओळख अशी होऊ नये. पत्र्याचा हँगर घेऊ नका. जाड, भरीव मिळाला तर घ्या.

वापर कसा झाला ते सांगतो. दिवाळीनंतर बसवलं. रोजचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला, सुटीच्या दिवशी फुटाळा आणि सेमिनरी हिल्सचा चढ. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांनी बोल्टांची जेवढी परीक्षा घेतली तेवढी चढाने घेतली नाही. दर काही मीटरवर जोड, आणि प्रत्येक जोडाला धडधड. क्लॅम्पच्या बोल्टला निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) लावलं होतं, तो जागचा हलला नाही. क्लॅम्पच्या कडेला नळीवर पेन्सिलची रेघ मारून ठेवली होती, क्लॅम्प अजून त्या रेघेवरच आहे. बॅरल ॲडजस्टर (वायरचा ताण कमीजास्त करायचे फिरते नट) मात्र खडखडायचे. फ्रिक्शन लिव्हरला त्यांचा उपयोगही नसतो, वायर सैल पडली तर लिव्हर थोडा जास्त ओढायचा एवढंच. ते काढून साध्या टोप्या बसवल्या. तुमचे लिव्हर इंडेक्सवाले (ठरलेल्या टप्प्यांचे) असतील तर ॲडजस्टर हवेतच, तेव्हा घेतानाच स्प्रिंग घट्ट असलेले बघून घ्या.

उन्हाळ्यात काही झालं नाही. ४५ अंशांत उभी राहून फ्रेम चटका देत होती, पण गिअर जसेच्या तसे. धुळीचा त्रास बॉटम ब्रॅकेटवरच्या (पेडलच्या धुरीच्या घरावरच्या) वायरच्या गाइडमध्ये झाला. तिथे मी ग्रीस लावलं होतं, धूळ बसून त्याचं काळं काजळ झालं आणि मागचा डिरेलर लहान चक्क्यावर परत यायला कंटाळा करू लागला. ग्रीस पुसलं, आउटरच्या आतली पातळ प्लास्टिकची नळी काढून तिचे तुकडे गाइडमध्ये घातले. तेव्हापासून काही तक्रार नाही.

पावसाळ्याच्या शेवटी क्लॅम्प उघडून बघितला. पट्ट्यांच्या कापलेल्या कडांना पांढरी भुकटी धरली होती, मधला भाग स्वच्छ. खालच्या रंगावर पट्ट्यांचा पुसट ठसा, ओरखडा नाही. बोल्ट साधा होता, त्याच्या डोक्यावर गंज आला होता. इतवारीतून स्टेनलेसचा आणून बदलला. नव्या पट्ट्यांच्या कडांना बायकोचं रंगहीन नेलपॉलिश लावलं आहे, अर्थात विचारून.

जाता जाता, अशी सायकल कुणी बाळगून असेल तर एक दिलासा. क्रँक (पेडलचे दांडे) कॉटर पिनवाले, म्हणजे ठोकून बसवायच्या खिळीचे आहेत म्हणून घाबरू नका. परदेशात लोक त्यापायी रडतात, आपल्याकडे कुठलाही जुना सायकलवाला डोळे मिटून कॉटर ठोकतो. फक्त माझ्या क्रँकला ९ मिमीची पिन लागते आणि इथे ९.५ मिळते, ती थोडी कानसून घ्यावी लागते. हँडलच्या स्टेमचंही (हँडल धरणाऱ्या दांड्याचंही) तेच: २२.२ चा २२ करावा लागला.

हे सगळं कुणी करावं? ज्याची फ्रेम जुनी, लिव्हर पट्ट्याचे आणि रोज शहरातून जायचं आहे त्याने खुशाल करावं. नुसती रविवारी सकाळी रपेट मारायची असेल तर डाउन ट्यूबवरचे मूळ लिव्हरच ठेवा, त्याहून सोपी आणि कमी बिघडणारी रचना नाही. मी मूळ लिव्हर आणि त्यांचा पट्टा डब्यात घालून ठेवलेत. फ्रेमला काहीच केलेलं नसल्याने ते केव्हाही परत चढतील. सध्या शोध चालू आहे तो पुढच्या जाड हँगरचा. नाहीच मिळाला तर हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून ३ मिमीच्या पट्टीचा बनवून घेणार.