नौकाशर्यतीत इंजिनिअर: संघात जावं की संघाला माल पुरवणाऱ्या कंपनीत?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह, सिलिंडर, पॉवर पॅकवर चार-दोन वर्षं काढलेली मुलं हल्ली मला हे विचारतात. बेळगावकराला समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरावा लागतो, हे खरं. पण दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या 'म्हादई'वरून एकटे जगप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात बांधलेली, आणि त्या नावाची नदी तर आपल्या खानापूर तालुक्यातूनच निघते. तेव्हा न्यूनगंड नको.

आधी संघाची बाजू, कारण मीही तिथूनच सुरुवात केली. अमेरिका कप या नौकाशर्यतीतल्या एसी75 नौका फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, उचलून पाण्याबाहेर धावतात. 2021 च्या कपसाठी टोइंग टँक (टाकीतल्या पाण्यात मॉडेल ओढून बघणं) आणि विंड टनेलच्या चाचण्यांना बंदीच होती, त्यामुळे सगळी मदार सिम्युलेशनवर. न्यूझीलंडच्या संघाने तर सिम्युलेटरवर नौका हाकायला एआय बसवला होता. सकाळी केलेला बदल दुपारी पाण्यावर दिसतो, अशी नोकरी दुसरी मिळणं कठीण. पगारही, माझ्या अनुभवात तरी, संघातच बरा.

मला नडलं ते एकच. कप संपला की करार संपतो, आणि पुढचा कप कुठे, कधी, हे कोणालाच ठाऊक नसतं. ऑकलंडची शर्यत मार्च 2021 मध्ये आटोपली, बार्सिलोनाचं नाव जाहीर झालं मार्च 2022 मध्ये. बार्सिलोना ऑक्टोबर 2024 मध्ये संपलं, नेपल्स ठरलं मे 2025 मध्ये. युरोपियन सहकारी तेवढ्या काळात गावी जाऊन निवांत बसतात. आपलं वर्क परमिट नोकरीला बांधलेलं. घरमालक विचारतो, बँक विचारते, टिळकवाडीतून आई विचारते, आणि ऑफिसात उत्तर एकच: "प्रोटोकॉल (पुढच्या कपची नियमावली) येऊ दे, मग बघू." कामापेक्षा या वाक्याने मी जास्त थकलो.

पुरवठादाराकडे ती चमक नाही, हे कबूल. दिवस दिवस एकाच सिलिंडरशी झटापट. चार ग्रॅम कमी करायला टायटॅनियमची फिटिंग, मग तिच्या खर्चावरून वाद. रात्रभर प्रेशरवर ठेवलेल्या सिलिंडरच्या रॉडखाली टिश्यू पेपर अंथरायचा आणि सकाळी त्यावर तेलाचा डाग आहे का ते बघायचं. डाग दिसला की सील काढा, खोबण तपासा, पुन्हा पहिल्यापासून. उद्यमबागेत हेच करत होतो, इथे फक्त भाव जास्त.

पण कप झोपला तरी ऑर्डरी येत राहतात. व्हेंडे ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतल्या इमोका नौका आहेत, बड्या लोकांच्या सुपरयॉट आहेत. शिवाय 2027 च्या कपमध्ये पेडल मारून ताकद पुरवणारे खलाशी जाऊन बॅटरी येतेय. हायड्रॉलिक्सवाल्याने यात काळजी करावी असं मला काही दिसत नाही.

पंचविशीच्या आत असाल, डोक्यावर हप्ते नसतील, तर एखादा कप संघात काढायला माझी हरकत नाही. उलट थोडा हेवाच वाटेल. सिम्युलेशनच करायचं असेल तर संघाला पर्यायही फारसा नाही. बाकीच्यांनी आधी पुरवठादाराकडे अर्ज टाकावा. त्यात नुसतं 'हायड्रॉलिक डिझाइन' लिहू नका. किती बारचं, कुठलं सील, गळती कशी पकडली, ते लिहा. माझ्या मुलाखतीत निम्मा वेळ त्यावरच गेला होता.