समांतर वाचनाचं बायबल ॲप: घटस्फोट आणि पुनर्विवाहाच्या अभ्यासासाठी बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आमच्या चर्चच्या मंडळीत जोडप्यांशी आणि वेगळं राहणाऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे असतं, त्यासाठीच हे ॲप घेतलं. लोकांचे प्रश्न साधारण तेच असतात, नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर मी मोकळी आहे का, बायको सोडून गेली आणि मी दुसरं लग्न केलं तर तो व्यभिचार होईल का. अशा माणसाच्या हातात एकच वचन ठेवून त्याला घरी पाठवू नये असं माझं ठाम मत आहे, म्हणून सगळे शास्त्रभाग एका स्क्रीनवर दिसतील असं काहीतरी हवं होतं.

ते काम ॲप खरंच मस्त करतं. मत्तय आणि मार्क या शुभवर्तमानांचे अध्याय १९ आणि १० शेजारी शेजारी लावले की परुशांचा, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथाच्या लोकांचा, बायकोला सोडणं योग्य आहे का हा प्रश्न दिसतो, येशू त्यांना उत्पत्तीकडे नेतो ते दिसतं, 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये' दोन्हीकडे आहे, पण व्यभिचाराचा अपवाद फक्त मत्तयात, मार्कात नाही आणि लूक १६:१८ मध्येही नाही. एका ताईंना आजवर फक्त मार्क वाचून दाखवलं गेलं होतं, नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला होता तरी. त्या दोन्ही रकान्यांवर बराच वेळ बोट वरखाली फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे मला कुणी दाखवलं का नाही?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही पण तेव्हापासून मी आधी हे दोन रकाने उघडते आणि मगच बोलते.

टिपांमध्ये हिल्लेल आणि शम्मय या ज्यू गुरूंच्या दोन पंथांच्या वादाची माहिती छान दिलीये. हिल्लेलचे लोक म्हणायचे बायकोने जेवण बिघडवलं तरी सूटपत्र (घटस्फोटाचा लेख) देता येतं, शम्मयचे म्हणायचे फक्त अनैतिक वर्तनासाठी, आणि हे माहीत असलं की 'कोणत्याही कारणावरून' असं परुशी का विचारतात ते लगेच कळतं. अनुवाद या जुन्या करारातल्या पुस्तकाचा २४ वा अध्याय पण तिथूनच उघडतो. तिथे मोशे घटस्फोट घ्या असं सांगतच नाही, सूटपत्र घेतलेल्या बाईने दुसरं लग्न केलं आणि तेही संपलं तर पहिल्या नवऱ्याने तिला परत करू नये एवढाच तो नियम आहे. योहान ८ मधल्या, व्यभिचारात पकडलेल्या बाईच्या गोष्टीला सर्वात जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही हे प्रामाणिकपणे लिहिलंय आणि लेवीय २०:१० ची लिंक पण आहे, ती मला फार मोलाची वाटते कारण नियमशास्त्रात शिक्षा दोघांनाही आहे आणि इथे मात्र एकट्या बाईला ओढून आणलंय.

आता जे खटकतं ते. विषयसूचीत 'घटस्फोट' उघडलं की मलाखी २:१६ सगळ्यात वर, तेही अर्धंच, देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे एवढंच! त्याच वचनात पुढे जुलमाबद्दल, हिंसेबद्दल लिहिलंय ते कापलंय. मार खाणाऱ्या बायकांना परत पाठवताना नेमका हाच अर्धा भाग ऐकवला जातो, म्हणून मला याचा खरंच राग येतो. १ करिंथ ७:१५, जिथे पौल म्हणतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार वेगळा झाला तर भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही, ते यादीत खूप खाली आहे. आणि मत्तय ५:२८, वासनेने बघणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, हे घटस्फोटाच्या वचनांच्या जेमतेम तीन वचनं आधी आहे पण या विषयाखाली दिलेलंच नाही. म्हणजे व्यभिचाराची शिकवण फक्त घटस्फोट झालेल्यांवर येऊन थांबते, बाकी सगळे सुटतात, येशूने तसं काही सोडलेलं नाही.

शिवाय टिपा एकाच परंपरेच्या आहेत आणि तसं कुठे सांगितलेलंही नाही. प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात (श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यात) व्यभिचार आणि जाणूनबुजून सोडून जाणं या दोन्ही कारणांनी घटस्फोट मान्य आहे, ऑर्थोडॉक्स चर्च पश्चात्तापाच्या प्रार्थनांसह दुसरं लग्न लावतं, कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही पण मुळात विवाह वैध नव्हता असं ठरवता येतं आणि ती प्रक्रिया पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सोपी केली. यातलं काहीच नाही. नुसता घटस्फोट झालाय आणि दुसरं लग्न केलेलं नाही एवढ्यावरून कॅथलिक माणसाला कम्युनियन (प्रभुभोजन) नाकारलं जात नाही हे सुद्धा कितीतरी जणांना माहीत नसतं, बिचारे वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात.

ऑफलाइन नीट चालतं, अक्षर मोठं करता येतं, स्वतःच्या नोंदी वचनाला जोडता येतात आणि विषयसूचीतल्या उणिवा मी त्यातच भरून काढल्यात. घ्यायचं असेल तर घ्या, पण टिपा बंद ठेवून आधी सगळे शास्त्रभाग वाचा. मलाखीचं पूर्ण वचन टाका म्हणून मी त्यांना दोनदा लिहिलंय, तुम्ही वापरत असाल तर तुम्हीही लिहा.