टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर? स्टार्टर रिलेपाशी व्होल्टेज कमी पडतंय तेव्हा

चावी फिरवली की रिले (स्टार्टरला करंट सोडणारा विजेवरचा स्विच) ‘टक’ करतो, पण स्टार्टर गप्प. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. आता कोणतं साधन हातात घ्यायचं: टेस्ट लॅम्प (करंट आला की पेटणारा तपासणीचा दिवा) की व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर?

किंमत: लॅम्प स्वस्त, मीटर थोडा महाग. यावर अडू नका.

खरा फरक लोडचा, म्हणजे साधन किती करंट ओढतं याचा आहे. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे बाकीच्या तारा तुटून एकाच बारीक तारेवर टिकलेल्या वायरीतही, नुसतं व्होल्टेज मोजलं तर तो १२ दाखवतो आणि फसवतो. लॅम्प थोडा करंट ओढतो, म्हणून फारच खराब जोड असेल तर तो पकडतो. पण ५ वॅटचा दिवा जेमतेम ०.४ अँपिअर घेतो. जोडावरच्या गंजाचा रोध १ ओहम असेल तर त्यावर ०.४ व्होल्टच पडतात, प्रकाशात फरक कळत नाही. सॉलेनॉइडला (स्टार्टरवरचा चुंबकी स्विच) मात्र १० अँपिअर किंवा जास्त लागतो, आणि त्याच गंजावर जवळजवळ निम्मं व्होल्टेज जातं.

म्हणून मीटर स्टार्ट देताना लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. रिले जागेवरच ठेवून मीटरचे दोन प्रोब (टोकं) रिलेच्या ३० आणि ८७ या नंबरच्या पिनांवर: ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत, रिले बदला. मग रिलेच्या कॉइलची ८५ नंबरची पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह (८५ अर्थला असेल तर): तिथेही ०.२ च्या वर गेला तर अर्थिंग घासून घट्ट करा. क्रँकिंगमध्ये (स्टार्ट देताना) बॅटरीच ९.६ व्होल्टच्या खाली आली तर आधी तीच तपासा.

ईसीयूकडून (गाडीच्या इंजिनचा कॉम्प्युटर) येणाऱ्या वायरीला दिव्याचा लॅम्प लावू नका, आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

रस्त्यात फ्यूज उडालाय का एवढंच बघायचं असेल तर लॅम्प पुरतो. कधी चालू, कधी बंद असा दोष शोधायचा असेल तर मीटरच घ्या.